सात मिलिमीटर

दिवसभर मी सहाशे टनांच्या चिलरशी झटतो
अल नहदातल्या एका मॉलच्या गच्चीवर.
हातमोज्यातूनही पाना चटका देतो,
आणि खाली लोक जाकीट घालून कॉफी पितात.
रात्री घरी इफ्फत विचारते,
"अब्बा, पासष्ट वॅट गार करता येतील ना?"

एका टनात अशा चोपन्न चिपा गार होतील, मी हिशेब सांगितला.
ती म्हणाली, टनांचं राहू द्या, मिलिमीटरचं बोला.

पेटी बुटांच्या खोक्याहून जराशी मोठी.
तिनेच निवडली. टेबल लहान, खोली त्याहून लहान,
आणि त्याच टेबलावर रात्री भाकरी वाढायची असते.
चिपेवर लेप, मसुराच्या दाण्याएवढा.
माझ्या हाताला ग्रीस बोटभर काढायची सवय,
म्हणून ती माझं मनगट धरून बसली होती.
त्यावर तांब्याच्या नळ्यांचा ठोकळा आणि पंखा,
चार स्क्रू, समोरासमोरचे, थोडे थोडे,
गाडीच्या चाकाचे नट आवळावेत तसे.
इथवर मी उस्ताद.

मग मेमरीच्या पट्ट्या.
तिने हौसेने घेतलेल्या, माथ्यावर लाल तुरे,
कोंबड्याला असतात तसे.
पंख्याच्या कडेखाली जागा पस्तीस.
तुऱ्यासकट उंची बेचाळीस.
ठोकळा फिरवला, तर नळ्या वायरींच्या जुडग्याला भिडल्या.
पंखा वर सरकवला, तर झाकण लागेना.
"कानस आणू?" मी म्हटलं.
तिने असं पाहिलं, जसं तिची आई पाहते
मी सुरमईच्या तुकड्या जाड कापल्या की.

दहाला दुकान बंद होतं.
रोल्याच्या गल्लीत नौफलने पट्ट्या दिव्याखाली
उलटसुलट केल्या, बिल मागितलं.
बिल गणिताच्या वहीत, वही घरी.
तरी त्याने बदलून दिल्या, वर तीस दिरहॅम परत,
आणि ताकीद: "मागच्या पिढीची स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.
तिची खाच जागेवर येत नाही.
जोर केलात तर मोडेल, बसणार नाही."
मी मान हलवली.
एकोणीस वर्षांपूर्वी याच गल्लीमागे, सहा जणांच्या खोलीत,
मला वरचा पलंग मिळाला होता,
नाक आणि छत यांत हातभर अंतर.
महिनाभर रोज पहाटे डोकं आपटायचं.
मग अंगच शिकलं, किती उठायचं ते.

नव्या पट्ट्या बोडक्या, हिरव्या, एकतीस उंच.
"छान नाही दिसत," ती पुटपुटली.
दोन्ही टोकांवर अंगठे, आणि टक्.
पुन्हा टक्.
वर चार मिलिमीटर मोकळे.
माझ्या धंद्यात एवढ्याला कुणी जागा म्हणत नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच.
एक मिनिट गेलं. दुसरं.
मी स्क्रूड्रायव्हर उचलला, तिने खाली ठेवायला लावला.
"नवी मेमरी पहिल्यांदा वेळ घेते, अब्बा.
आधी ओळख करून घेते."
आत झुलेखा उद्याच्या डब्याच्या डाळीच्या शिट्ट्या मोजत होती.
तिसरी झाली.
चौथीला अक्षरं आली.

कोपऱ्यात आकडा: एकेचाळीस.
"एकेचाळीस म्हणजे एकदम गार!" इफ्फतने टाळी दिली.
खिडकीतून समोरच्या फार्मसीची पाटी दिसते,
तिच्यावर अडतीस,
आणि त्याला आम्ही सगळे उकाडा म्हणतो.

मी पेटीमागे तळहात धरला.
कोमट वारा. तो आता आमचा एसी ओढून घेणार,
बाल्कनीतून गल्लीत फेकणार,
गल्लीत कुणीतरी बाहीने मान पुसत असेल,
बहुतेक नौफल, शटर ओढताना.
गार काही होत नसतं, बाय, मी सांगणार होतो,
उष्मा नुसता घर बदलतो.
पण ती गुडघ्यांवर बसून टेबलाखाली
झाकणाचा शेवटचा स्क्रू शोधत होती,
आणि तो माझ्या दुसऱ्या मुठीत होता.