उकडतं

सोहारला, गोदीमागच्या दोन खोल्यांत
इल्हामने एक भाषा काढलीय.
चौकटींची वही, हिरवं पेन.
तिच्या भाषेत कप फुटत नाही,
दार लागत नाही, दूध उतू जात नाही.
आधी नाव हवं, नावाला 'झू'चं शेपूट,
मग काय घडायचं ते घडो.

"आणि उकडतं?" मी विचारलं.
टोपण चावत बसली बराच वेळ.
"ते राहू दे. त्याला कुणी नाहीये."

रात्री कंपनीचा अहवाल लिहीत होतो:
परांची सरकली. तिलकबहादूर पडला.
खांद्यावरून वाकून तिने वाचलं.
"माझ्या भाषेत करून देऊ?"
हिरवं पेन पहिल्याच शब्दाला अडलं.
"सरकवली कुणी?"

कुणी म्हणजे,
खिळी काढली गेली होती,
पत्र दोनदा पाठवलं गेलं होतं,
बघायचं राहून गेलं होतं.
(प्रयोग ओळखा, मुरूडच्या शाळेत
दहापैकी दहा होते मला.)

"अब्बा, हे पण उकडतंसारखंच आहे का?"

एसी बादलीत ठिबकत होता.
तिने एक चौकट कोरी सोडली,
कोऱ्या चौकटीला शेपूट जोडलं,
आणि झोपायला गेली.

अहवालाखाली सहीची जागा होती.
सही झाली.