कँटीनमागची खोली

दर गुरुवारी, दुपारी दोन ते पाच,
थ्युबोरनच्या मासळी कारखान्यात
कँटीनमागची खोली माझी असते.
एक आरामखुर्ची, एक बुटके स्टूल, बदामाच्या तेलाची बाटली
आणि दारावर खडूने, कुणाच्या तरी वाकड्या अक्षरात:
'बोडिल. पाय दुरुस्त करून मिळतील.'
मी ते पुसलेले नाही.

भिंतीवर तक्ता आहे. दोन गुलाबी तळवे,
त्यांत अख्खे शरीर भाडेकरूंसारखे दाटीवाटीने राहते.
अंगठ्यात डोके, चवड्यात फुप्फुसे,
उजव्या तळव्यात यकृत, डाव्यात प्लीहा,
आतल्या कडेने टाचेपर्यंत उतरलेला पाठीचा कणा.

मुलगी डॉक्टर आहे, ऑर्हूसला.
नाताळात बटाटे सोलता सोलता म्हणाली,
"आई, तळव्यातून यकृताकडे जाणारी वाट
आम्हाला कुणी शिकवली नाही."
नसेल.
पण तळपायाची आग मस्तकात जाते,
हे तिलाही कुणी शिकवावे लागले नाही;
तिच्या सोळाव्या वर्षी माझी कितीदा गेली,
ती समोरच उभी होती.
मग थंडावा त्याच वाटेने वर चढतो की नाही,
ते तिने तपासावे.
मी बटाटे चिरायला घेतले.

इथले पाय मी अंधारातही ओळखीन.
रबरी बुटांचा वास, बर्फाच्या पाण्याने पिठूळ झालेली कातडी,
पट्ट्यापाशी आठ तास उभे राहून
घोट्याशी उमटलेले मोज्याचे वळ.
दानुता पोलंडची. तिच्या करंगळीवर कुरूप आहे,
ते ती दुसऱ्या पायाने झाकते.
मी काही बोलत नाही, तेल कोमट करते.
तिसऱ्या गुरुवारी तिने आपणहून पाय पुढे केला
आणि पोलिशमध्ये बराच वेळ कुणाला तरी शिव्या घातल्या.
मला वाटते, सुपरवायझरला.
त्या दिवशी तिचे खांदे कानांपासून बोटभर खाली आले.

प्रीबेन निवृत्त झालाय, तरी येतो.
ट्रॉलरवर जाळ्याच्या दोराने
त्याच्या डाव्या पायाची शेवटची दोन बोटे नेली.
तक्त्यात तिथे कान आहेत.
"म्हणूनच मला इंगरचे ऐकू येत नाही,"
चार वर्षे, दर गुरुवारी, हाच विनोद,
आणि हसायचा तोच, आधी.

ऑक्टोबरात इंगर गेली.
पुढच्या गुरुवारी तो आला, जाकीट खुंटीला लावले,
मोजा काढला, नीट घडी घातली,
आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.
मी वाट पाहिली. विनोद आला नाही.

मी तक्त्याकडे पाहिले.
त्यात गुडघा आहे, मूत्राशय आहे,
दाढांचीसुद्धा वेगळी जागा आहे.
मग मी काहीच दाबले नाही.
भट्टीतून आत्ताच काढलेला पाव धरावा
तशी त्याची टाच दोन्ही हातांत धरून बसले.
गार होती. मग तितकी गार नव्हती.
तो तोंड उघडे टाकून झोपला, घोरू लागला.
दानुता दारात आली, पाहिले,
आणि बूट हातात घेऊन परत गेली.

जागा झाल्यावर म्हणाला,
"पंधरा दिवसांत पहिली झोप.
आता रक्तदाबाची गोळी बंद करू ना?"
"मुळीच नाही. गोळी घ्यायची, डॉक्टरकडे जायचे.
मी आपली जोडीला."
"जोडीला," तो म्हणाला,
आणि मोजा उलटाच चढवून निघून गेला.

आता तो येतो, बसतो,
डावा पाय उचलून जिथे बोटे नाहीत तिथे दाखवतो.
"इथे दाब."
"इथे काही नाही, प्रीबेन."
"तिथेच."

मी अंगठा टेकवते.
जुन्या व्रणाच्या कडेवर, थोडा कातडीवर, थोडा हवेत.
तो डोळे मिटतो, मान जराशी कलती करतो,
जशी दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारली की करतात.
"जरा जोरात," म्हणतो.