कंदील

भूत बघायला आलात, आणि दुपारी दोनला?
मे महिन्यात भुसावळात
मेलेला माणूससुद्धा बाहेर पडत नाही,
म्हणाला शांतवन तायडे.
साखळीला हात लावू नका, भाजेल.

आत निंबाची विरळ सावली, पिवळं गवत,
यार्डातून शंटिंगचा ठण्ण आवाज.
एक फायरमन, वय चोवीस.
एक मेमसाहेब. शेजारी तिचं तान्हं,
अकरा महिने, चार दिवस.
दिवससुद्धा मोजले होते कुणीतरी.
नावावरून मुंगळ्यांची रांग चाललेली.

आणि तो गार्ड? मी विचारलं.
अवसेला कंदील घेऊन फिरतो,
मेल किती लेट, विचारतो, तो?

शांतवन बराच वेळ खोकला.
संगमरवर न्यायचे हो लोक.
एका रात्रीत तीन देवदूत गेले, पंखांसकट.
मग मी बापाचा रेल्वेतला कंदील काढला.
बावीस वर्षं झाली. पगार नाही त्याचा.
आता मोतीबिंदू. रात्री
पायाखालचं थडगं दिसत नाही.

एवढं बोलून गप्प. मागितलं काहीच नाही.
वाकून तान्ह्याच्या दगडावरची रांग
बोटानं हळूच वळवून दिली.

स्टेशनासमोर चहावाला म्हणाला,
काय पाह्यलं रे भो तिकडे?
बाकावरची चार पोरंही वळली.
मी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

दिसला, म्हणालो.
भर दुपारी. कंदील पेटलेला.
मेलचं विचारत होता.