रकाना क्रमांक सात

फाइलीचं नाव लांबलचक:
'सोलापूर शहर, मध्यवर्ती भाग,
बहुविध वाहतूक अभ्यास: पूर्वतयारी व निधी मागणी.'
आम्ही तिला नुसतं बहुविध म्हणायचो.
बहुविध कुठाय? हत्तुरे साहेबांकडं.
बहुविध परत आली? आली, शेरा घेऊन.

पहिला शेरा: लेखाशीर्ष कोणते?
रस्ते म्हणावं, तर आम्ही रस्ता करत नव्हतो.
परिवहन म्हणावं, तर डेपोत उभ्या बसच्या
चाकांतून गवत वर आलेलं,
तिच्या नावावर नवा पैसा मागायला
माझं मलाच कसंतरी झालं.
शेवटी 'संकीर्ण'मध्ये घातली.
या गावात जे जे चालतं
ते फिरून फिरून संकीर्णमध्येच येतं.

दुसरा शेरा: शासनाचे ऐंशी, आपले वीस.
वीस कुठून?
सभेत वडजे उठले.
'मोजायला कशाला पाहिजेत पैसे?
गर्दी आहे, हे माझ्या म्हशीलाबी कळतंय.'
सभागृह हसलं. मीही हसले, मागच्या बाकावर,
मांडीवर नकाशा धरून.
खोटं काय होतं त्यात?
पण म्हशीची सही
मंत्रालयात चालत नाही.

तिसऱ्या वेळी शेरा नव्हता, लाल रेघ होती,
रकाना क्रमांक सातवर: पादचारी.
हत्तुरे वाईट माणूस नव्हेत.
चष्मा पुसत म्हणाले, 'बाई, चालणारा मोजायचा
तर चौकाला सहा माणसं, दोन पाळ्या.
गाडीला नंबर असतो.
पायाला काय असतं?'

म्हणून मी रजा टाकली.
एप्रिलातला मंगळवार, सकाळी सहा,
बाळीवेशीत एका बंद शटरची पायरी,
छत्री, बाटली, पाठकोरे कागद.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
सातनंतर बायका यायला लागल्या,
काल वळलेल्या विड्या टोपलीत, वर ओलं फडकं,
कारखाना उघडायच्या आत पोचायचं म्हणून
अर्ध्या चालत, अर्ध्या पळत.
माझा हात मागं पडला.

नरसव्वा बोद्धूल थांबल्या, कागदात डोकावल्या.
'पाचाच्या काय बांधतीस गं?
पंचवीसच्या कट्ट्या बांध. लवकर होतंय.'
मग जाता जाता, मान न वळवता,
'छाट किती धरलीस?'

मला आधी कळलंच नाही.
मग आठवलं: हजारातून
चेकर मूठभर बाजूला फेकतो, वाकडी म्हणून, ढिली म्हणून,
आणि त्यांचे पैसे नाहीत.

दहाच्या उन्हात मल्लिनाथ बिराजदार,
हातगाडीवर चादरींचे गठ्ठे, बनियन पाठीला चिकटलेलं.
'काय मोजलालाव, मॅडम? मला कुठं धरलालाव?'
वाहन म्हणावं तर पासिंग नाही,
पादचारी म्हणावं तर मागं सात मणांचं ओझं.
मी पेन्सिल उचलून तशीच धरली.
'दोनदा धरा,' तो म्हणाला.
'जाताना भरून जातो, येताना रिकामा.
ती दोन माणसं वेगळी हायत.'

रात्री स्वयंपाकघरात बेरीज केली.
एकेका कागदाला तंबाखूचा वास.
सकाळी रकाना सात पुन्हा टाइप केला,
फक्त नाव बदललं:
'इंधनविरहित एकल वाहतूक.'

हत्तुरे साहेबांनी दोनदा वाचलं.
'हा नवीन प्रकार?'
'जुनाच आहे, साहेब.'
'विजेवर चालतो?'
'भाकरीवर.'
ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.
मग खिडकीतून खाली,
जिथं त्यांचा शिपाई
उन्हातून चहा घेऊन रस्ता ओलांडत होता,
एक हात वर करून, जणू तोच सिग्नल.
सही केली. तारीख टाकायची विसरले,
ती मी टाकली.

बहुविध आता मुंबईला आहे.
वीस टक्क्यांचं अजून कुणी बोललेलं नाही.
मी कुठंही उभी राहिले की
हात आपोआप पंचवीसची कट्टी बांधतो.
छाट धरत नाही.