कानखूण

रात्रीचे अकरा वाजलेत, अंगणात अजून लख्ख आहे.
आमच्या फ्योर्डमध्ये जुलैचा सूर्य डोंगरामागे
नुसता चूळ भरायला जातो आणि परत येतो.
बॅटरी धरायला कुणी लागत नाही.
बरंच आहे. धरणारं कुणी नाही.

लाल मॅसीचा डिझेल पंप गळतोय.
बर्फ वितळलं तेव्हा नुसता ओशट घाम होता,
मग थेंब,
आता खाली ठेवलेला दह्याचा डबा सकाळी अर्धा भरलेला.
थेंबे थेंबे तळं साचलं,
आणि कापलेलं गवत पडलंय चार दिवस.

कॉक बंद केला. पंप आधी बाहेरून घासला ब्रशने, डिझेलने,
आत एक कण गेला तरी गवत गेलं समज.
थ्रॉटलच्या दांड्यावरची रिंग नखाने मोडली,
जुन्या बिस्किटासारखी.
हल्लीच्या डिझेलात गंधक नाही, जुनं रबर आक्रसतं,
असं आकुरेयरीच्या दुकानातला पोरगा म्हणाला
आणि नव्या रिंगांची एवढीशी पुडी
औषधासारखी हातावर ठेवली.

"अर्नफ्रिदुर, स्प्रिंग कुठल्या भोकात होती
ते आधी लिहून घे, मग काढ."
वडील दर वेळी सांगायचे.
स्वतः एकदाही लिहिलं नाही.

मी लिहिलं. दुसरं भोक.
झाकण हळूच उचललं, उलटं केलं,
तर आतल्या बाजूला दाभणाने ओरखडलेला
एक कान.
टोक छाटलेलं, मागच्या कडेला दोन खाचा.
शेजारी साल: २००९.

इथे पोरं अक्षरांआधी मेंढ्यांचे कान वाचायला शिकतात.
आमचा कान डावा, मधोमध चिरलेला.
हा आमचा नव्हता.
हा ओढ्यापलीकडच्या आउस्मुंदुरचा.

एका एडक्यावरून झालेलं भांडण.
एडका मेला, भांडण जगलं.
दर सप्टेंबरला कळप निवडायच्या दिवशी
दोघे पाठीला पाठ लावून उभे राहायचे,
मेंढ्यासुद्धा बिचकायच्या.
आणि २००९ म्हणजे अबोला ऐन भरात!
त्या वर्षी वडील म्हणाले होते,
"पंप? मीच केला. काही विशेष नव्हतं."

म्हणजे गोणपाटात गुंडाळून नेला असणार,
अशाच एका उजेडी रात्री, ओढा ओलांडून,
या कानाचं त्या कानाला कळू न देता.
बोलले असतील?
की याने टेबलावर ठेवला, त्याने चष्मा घातला,
एवढंच?
त्या हिवाळ्यात धुरावर टांगलेल्या तंगड्यांतली एक कमी भरली होती.
आई मांजराला बोलली.
वडिलांनी मांजराची बाजू घेतली नाही.

रिंगा डिझेलात भिजवून चढवल्या,
नवं गॅस्केट घातलं, स्प्रिंग दुसऱ्या भोकात अडकवली.
झाकण बसवण्याआधी दाभण घेऊन
त्या कानाशेजारी मीही काहीतरी ओरखडलं.
पुढच्या गळतीला जो उघडेल तो बघेल.

मग एअर काढणं.
स्क्रू सैल, हाताचा पंप खालीवर, खालीवर,
आधी नुसता फेस, चिडलेल्या माणसासारखा फुसफुसणारा,
अंगठा भरून आला तरी फेस,
आणि मग अचानक
बुडबुडा नसलेली एकसंध धार.
नोझलचे नट एकेक करून सैल केले, आवळले.
मॅसी खोकली. पांढरा धूर.
बंद पडली.
मी एक शिवी दिली, तीही वडिलांचीच.
दुसऱ्यांदा तिन्ही सिलिंडर लागले.

दांड्याभोवती बोट फिरवलं.
कोरडं.
पुन्हा फिरवलं.

समुद्राकडून ढग येतोय, करडा, सावकाश.
आमचं गवत पहाटेपर्यंत उरकेल.
पलीकडे आउस्मुंदुरच्या उतारावरचंही तसंच पडलंय,
त्याचं वय आता ब्याऐंशी,
खिडकीत दिवा नाही, पण या दिवसांत कुणाच्याच नसतो.
इंजिन त्याला ऐकू येत असेल.
हा आवाज तो ओळखतो.

ओढ्यावर पूल नाही.
ट्रॅक्टरला लागत नाही.