वीस सेकंद

तिसऱ्यांदा आली शेवंता निनावे
पाचपावलीहून, भर मे महिन्यात,
डोक्याला दुपट्टा, मुठीत ब्लाऊजपीसची निळी चिंधी,
चिंधीत समोरचा दात.
"काऊन जी डॉक्टर, पडते हा घडी घडी?
मी तं आता दोरा कात्रीनंच तोडतो."
खोटं बोलत होती. खालच्या ओठावर
दोऱ्याचा तुकडा अजून चिकटलेला.

पण खोटं तिचं एकटीचं नव्हतं.
दात भिंगाखाली धरला :
सगळं सिमेंट तिच्याकडे राहिलेलं,
पोर्सेलिनच्या आतल्या बाजूला कणभरही नाही.
म्हणजे सुटलं ते माझ्या बाजूनं.
मागच्या खेपेला बाहेर रांग होती, वीज गेलेली,
आणि सिलेनची बाटली, जी नितळ असायला हवी,
उन्हानं दुधाळ झालेली.
मी पाहिलं होतं.
पाहून वापरली.

आज आम्ल लावलं. वीस सेकंद
तोंडानं मोजले, एकेक.
हातमोज्यातही बोटं जपून;
हे आम्ल हाडापर्यंत पोचतं
आणि आधी दुखत नाही.
धुतलं, वाळवलं. चकाकी गेली,
आरशावर कुणी श्वास सोडावा तसं पांढुरकं.
"बिघडवला का जी?"
नाही, म्हटलं, गुळगुळीतावर काही टिकत नाही.
आता हे नवीन औषध. काचेची न् रेझिनची
ओळखच नसते एकमेकांशी;
हे एका हातानं काचेला धरतं, दुसऱ्यानं रेझिनला.

तिनं गालातला कापूस काढून हातात घेतला.
"मंग हे तुरटीच झाली.
आमचे बाबा सूत रंगवाचे.
आधी सोड्यात उकळून कांजी काढाचे,
मंग रातभर तुरटीच्या पाण्यात. मंग रंग.
घाई केली तं पहिल्याच धुण्यात
सारा रंग नागनदीत."

मी मान खाली घालून
नव्या बाटलीवर तारीख लिहिली.
एक मिनिट थांबायचं असतं.
कूलरची घरघर. ती कापूस पिळत होती,
बाबांसारखीच बहुधा, दोन बोटांनी.

मग रेझिन, मग निळा दिवा,
मग तिनं आरशात ओठ वर करून पाहिलं.
पैसे घेतले नाहीत मी. का, तेही सांगितलं नाही.
तिनं विचारलं नाही.
चिंधी तेवढी परत मागितली,
गिऱ्हाइकाचं पीस होतं.