फूल उलटून पाहा

आधी वाटलं, दंव पडलं असेल.
फेब्रुवारीत गालिसियात दंवाचं काय नवल,
कॅमेलियाच्या पाकळ्या करपतात,
आपण हळहळतो आणि चुलीकडे वळतो.

पण इरियानं,
शेतकी केंद्रातल्या त्या पोरीनं,
जिचे बूट माझ्या बुटांहून चिखलात बरबटलेले,
फूल उचललं, उलटं केलं,
देठाजवळची हिरवी निदलं नखानं सोलली
आणि म्हणाली, इथे बघा, ओब्दूलियाबाई.

पांढरं कडं. सायीसारखं मऊ.
दंव काठाकाठानं खातं, ती म्हणाली,
ही बुरशी मुळावरच उठते.

मग तिनं सांगितलं ते मी
वीजबिलाच्या पाठीवर लिहून घेतलं:
पडलेलं एकही फूल रात्रभर खाली ठेवायचं नाही.
झाडावर तपकिरी झालेली तोडायची.
कुजखतात तर मुळीच नाही,
जाळायची (या पावसात?), नाहीतर खोल पुरायची.
झुडपाखालचा जुना पालापाचोळा
बोटभर मातीसकट खरवडायचा,
वर नवी साल वीतभर अंथरायची.
कारण पाकळी कुजली तरी तिच्यात
एक काळी गाठ उरते, मिऱ्याहून थोडी मोठी,
मातीत तीन-चार वर्षं गप्प पडून राहते,
आणि एखाद्या ओल्या हिवाळ्यात
तिच्यातून इवलासा तपकिरी पेला वर येतो
आणि वाऱ्यावर धुरासारखे बीजाणू सोडतो.

तीन-चार वर्षं गप्प.
मी काही बोलले नाही.
आमच्याकडे अकरा झाली होती.

पहिल्या हिवाळ्यात बादल्या मोजल्या, दोनशे चौदा.
दुसऱ्या हिवाळ्यात कंबरेनं मोजल्या.
तिसऱ्यात पुन्हा तेच कडं,
आणि इरिया झुडपांकडे नव्हे, भिंतीकडे बघत राहिली.
वाटणीचा कागद वाऱ्याला कुणी दाखवला नव्हता, ती म्हणाली.

भिंत एवारिस्तोनं बांधली, निम्मे पैसे मी दिले.
अकरा झुडपं माझ्याकडे, सात त्याच्याकडे,
आणि त्या सातांत आईचं गुलाबी,
जे दोसिंदानं फांदी टोचून जगवलं होतं
आम्ही दोघं जन्मायच्या आधी.

मी गेले. दार वाजवलं.
त्यानं उघडलं, आणि मी नमस्काराऐवजी
फूल पुढे केलं, उलटं.
तो म्हणाला, चष्मा आणतो.

मागे नेलं त्यानं मला.
अंगण लख्ख. एक पाकळी खाली नाही.
रोज संध्याकाळी दाताळ्यानं गोळा करतो, म्हणाला,
अकरा वर्षं, एक दिवस चुकवला नाही,
आणि सगळी आईच्या झुडपाच्या बुंध्याशी घालतो.
तिचंच तिला.

गुडघाभर ढीग होता तो.
हात घातला तर आतून ऊब आली,
आणि मुठीत काळ्या गाठी,
कित्येक.

काय सांगणार होते मी त्याला?
म्हटलं, फावडं आण. दोन आण.

चार दिवस खरवडत होतो.
त्याचा डावा गुडघा वाकत नाही हे मला ठाऊकच नव्हतं.
बोललो ते मातीबद्दल, पोत्यांबद्दल,
सालीच्या भावाबद्दल.
भिंतीबद्दल नाही.

आता जाईल का गं हे?
माहीत नाही.
पलीकडे पाद्रीबाबांची चार झुडपं,
त्यांच्या पलीकडे नदीकाठचा बंद बंगला,
तिथे कोण उचलतं?

फुलं पडतातच रोज.
सहा वाजता तो भिंतीला वळसा घालून येतो, बादली घेऊन.
सगळी पुरायचीच आहेत, बघण्याची गरज नाही,
मी सांगून पाहिलं.
तरी बादलीत टाकण्याआधी
एकेक फूल तो उलटून पाहतो,
चष्मा कपाळावर सरकवून,
अगदी जवळून.